धोंडबाचा पार

"पारावरच्या लोकांना जी कॉपी जाईल, तिच्यात टायर फुटायला नको," शरच्चंद्र सर म्हणाले. "बाकी सगळ्यांच्या गेममध्ये फुटेल."

प्रीतीनं पेन खाली ठेवला. "सर, म्हणजे आपण त्यांना फसवून राहिलो."

"दिल्लीचा आदेश आहे. मी तुम्हाला लेखी पाठवतो."

"लेखी कशाला? ऐकलं ना मी."

"मला सगळं लेखी लागतं," सर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. सरांची मराठी कायम इस्त्री केलेली. वीस वर्षं नागपुरात काढून या माणसाला इथलं वारं लागलं नव्हतं.

'माल पोचला' हा गेम प्रीतीचा. जरीपटक्याच्या बाजारात टेम्पो भरायचा आणि खड्डे चुकवत मौद्याला, कळमेश्वरला माल पोचवायचा, एवढाच खेळ. तिच्या बाबांनी, संघपाल मेश्रामांनी, तीस वर्षं तेच केलं होतं. सरांच्या छोट्या कंपनीनं पहिला भाग काढला तेव्हा जाहिरातीला दमडी नव्हती. गेम खपला तो 'धोंडबाचा पार' नावाच्या चाहत्यांच्या ग्रुपमुळे. चाळीस हजार माणसं आहेत त्यात. नवा गेम आला की पारावरचे चार जण आठवडाभर खेळून बघणार, मग धोंडबा एकच शब्द लिहिणार, 'घ्या' किंवा 'थांबा'. तोवर कोणी खिशात हात घालायचा नाही. या धोंडबाला कोणी पाहिलेलं नव्हतं. फोटोच्या जागी म्हशीचं तोंड होतं.

आता कंपनी दिल्लीवाल्यांनी विकत घेतली होती आणि दुसऱ्या भागात त्यांनी खोट घालायला लावली होती. तीन-चार तास खेळून जीव गुंतला की टायर फुटणार. नशिबानं नाही, गेमच फोडणार. नवा टायर खऱ्या पैशांनी घ्यायचा. एकदा घेतला की पुढचा आणखी लवकर फुटणार. शाळकरी पोरं तर हमखास अडकणार. आणि पारावर मात्र धुतल्या तांदळासारखी कॉपी जाणार, म्हणजे धोंडबा 'घ्या' लिहिणार आणि त्याच्या शब्दावर चाळीस हजार माणसं खड्ड्यात जाणार. हे सगळं प्रीतीनं आपल्या हातानं करायचं. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं, "बाबा, रस्त्यात टायर फुटला तं तुम्ही काय करत होते?"

"बदलत होतो. अजून काय करतो माणूस?"

"अन् मालकानंच खिळे टाकले असते तं?"

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "चाबी त्याच्या अंगावर फेकली असती. काहून वं? नोकरीवर काही झालं का?"

"अजून नाही," ती म्हणाली. "होईन आता."

पाराचा एक जुना नियम होता. एकाच्या सांगण्यावरून कोणाचा गेम पाडायचा नाही. दोन साक्षी पाहिजेत, त्याही आतल्या माणसांच्या, आणि दोघांनी खऱ्या नावानं उभं राहायचं. उगाच बोंब मारून कोणाच्या पोटावर पाय यायला नको, असं धोंडबाचं म्हणणं.

प्रीतीनं ताट सारलं, हात धुतले आणि त्याला सगळं लिहिलं. सरांचा मेलही जोडला.

उत्तर लगेच आलं. "एक साक्ष पंधरा दिवसांपासून माह्याजवळ हाये. दुसरी भेटत नव्हती. नाव लावशीन?"

"लावीन."

"नोकरी जाईन तुही."

"जाऊ द्या. गेम माझा आहे."

पहिली साक्ष कोणाची, हे तिनं विचारलं नाही. ऑफिसात सगळे घराच्या हप्त्यांना बांधलेले. त्यांच्यात आणखी कोणाला कणा असेल, हे तिला खरंच वाटत नव्हतं.

सकाळी ती थेट सरांच्या केबिनमध्ये शिरली. सर दिल्लीशी फोनवर हसत होते. "वो धोंडबा तो गधा है, साहब. मान जाएगा." ऐकून प्रीतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फोन ठेवून सरांनी विचारलं, "पारावरची कॉपी तयार झाली?"

"नाही. करणार भी नाही. धोंडबाला मी काल सगळं सांगितलं. तुमचा मेल दिला. माझं नाव भी दिलं."

सर उठले, दार लावून आले आणि पुन्हा खुर्चीत बसले. "या धंद्यात उद्या तुम्हाला कोणी उभं करणार नाही. कळतंय ना?"

"कळते. बाबांनी मागून स्वतःचा टेम्पो घेतला, तो दारात उभा आहे, तो चालवीन. पण माझ्या रस्त्यावर कोणी खिळे टाकून राहिलं अन् मी तोंड बंद ठेवू, हे होणार नाही. काढायचं तं आत्ताच काढा."

"बसा."

"उभी बरी आहे मी."

सरांनी लॅपटॉप जवळ ओढला आणि टाइप करायला घेतलं. आपल्याला काढल्याचं पत्र आपल्याच समोर लिहिलं जातंय, हे बघताना वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. उलट कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास आला. दिल्लीवाले, सर, हप्ते, सगळे गेले उडत. ती टेबलापाशी ताठ उभी राहिली.

बोटं थांबली. चष्म्यावरून तिच्याकडे बघत त्यानं पडदा तिच्याकडे वळवला.

"साक्षीत माह्या नावाखाली नुसतं प्रीती मेश्राम लिहू, का बापाचं नाव भी टाकू वं?" धोंडबानं विचारलं.