ओढून पाहिलेलं कुलूप

भूकंप चार वाजून दहा मिनिटांनी होणार, हे मोबाइलने सकाळीच कळवलं होतं. हल्ली त्याचा अंदाज सेकंदानेही चुकत नसे. मैदानात सतरंजीवर बसून कंटाळलेल्या दिगंबर आठल्यांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून चार. शेजारी बसलेली बायको गायब!

ते जिवाच्या आकांताने मैदानाच्या फाटकापर्यंत पोचले, तोच सुमतीबाई धापा टाकत परतल्या.

"अहो, कुलूप लागलं होतं बरं का."

"मी तीनदा ओढून पाहिलं होतं ना!"

"तुमच्या ओढण्याचा काय भरवसा?"

बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी त्यांची इमारत खाली बसली. सुमतीबाईंनी किल्ली जुडग्यात अडकवली, आधीच्या तीन पडलेल्या घरांच्या किल्ल्यांशेजारी.

"गेलं ते गेलं," त्या म्हणाल्या, "पण उघडं टाकून नव्हतो आलो."