दुखण्याचा जोडपट्टा

बायकोला, शैलाताईंना, आपली कंबरदुखी नाटक वाटते, म्हणून दिगंबररावांनी एकाचं दुखणं दुसऱ्याला पोचवणारा जोडपट्टा आणला. एक पट्टा स्वतः बांधला, दुसरा पोळ्या लाटणाऱ्या शैलाताईंना बांधला आणि विजयी मुद्रेने बटण फिरवलं.

शैलाताई लाटतच राहिल्या. "अहो, चालू करा ना."

"चालूच आहे! फुल्ल!"

"हे होय? माझी कंबर याहून जास्त दुखते. हल्ली पायही बधिर होतो. वयाचं असतं हो."

दिगंबररावांनी कुतूहलाने बटण उलटं फिरवलं आणि ओटा धरून खालीच बसले. जरा बोलता आल्यावर त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, आत्ताच हिला घेऊन येतो म्हणाले.

"आधी तो पट्टा सोडा," शैलाताई घाबरून म्हणाल्या.

"राहू दे. तू तिथे जाऊन 'विशेष काही नाही' म्हणशील."