वाडग्यातला मासा

शेजारच्या जर्मन बाईंनी, फ्राऊ ब्रांटनी, पांढऱ्याशुभ्र चिनी वाडग्यातून प्लमचा केक दिला होता. केक संपल्यावर कुंदानं वाडगा सहज खिडकीसमोर धरला, तेव्हा कुठे त्यातली छुपी नक्षी दिसली. झिलईखाली अगदी हलक्या हातानं कोरलेला एक मासा. उजेडाशिवाय तो दिसलाच नसता.

तिनं वाडगा नुसत्या पाण्यानं धुतला आणि ते पाणी सवयीनं बाल्कनीतल्या बादलीत ओतलं, तुळशीला होईल म्हणून. शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून त्यात बेसनाचे लाडू भरून दिले.

संध्याकाळी बेल वाजली. दारात फ्राऊ ब्रांट उभ्या होत्या.

"लाडू छान झालेत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी रिकामा वाडगा दिव्यासमोर धरला.

मासा नव्हता. नितळ पांढरा उजेड तेवढा आरपार येत होता.

"मी फक्त पाण्यानं धुतला," कुंदा म्हणाली.

"पाण्यानं? अहो... मी चाळीस वर्षं कोरड्या फडक्यानंच पुसते. आईनं तसं बजावलं होतं."

"का?"

फ्राऊ ब्रांट कुंदाच्या खांद्यावरून बाल्कनीकडे बघत होत्या.

तिथं बादलीत डुबुक झालं.