आरपार दिसणारी लेन्स

"लेन्स नको दादा, आधी फ्लॅश घेऊ!" लग्नाचे फोटो काढणारी हेमांगी कॅमेऱ्याच्या दुकानात भावाशी हुज्जत घालत होती. त्याचं एकच पालुपद, मोठी कामं हवीत तर मोठीच लेन्स हवी.

तेवढ्यात फोन वाजला. परवाच्या लग्नातल्या नवरीचे काका तावातावाने बोलू लागले. "अहो, अंतरपाट दूर झाला तेव्हाचा नवरीचा एकही फोटो नाही? पोरगी रडतेय इथे. आधी चांगला कॅमेरा घ्या!"

हेमांगीचं टाळकंच सरकलं. "फोटो आहे की! नवरीच्या जागी तुमची पाठ आणि वर धरलेला मोबाईल आलाय. बाजूला व्हा म्हटलं, तर 'घरचं कार्य आहे' म्हणून माझ्यावरच डाफरलात. आता तुमच्या मोबाईलमधला द्या तिला."

काकांचा आवाज एकदम उतरला. "त्यात... माझं बोट आलंय."

तिने फोन बंद केला. दुकानदाराने लेन्स पुढे सरकवली. "ताई, हिच्यातून लांबचंही जवळ दिसतं."

"काकांच्या आरपार दिसतं?" ती कडाडली आणि भावाला ओढत समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरली.

"शिडी दाखवा. हात वर केलेल्या काकांहून उंच!"