जाऊबाईंची धाकटी

जाऊबाई चहाचा थर्मास घेऊन वॉर्डापाशी आल्या, तेव्हा ती बाहेरच्या बाकावर भिंतीला टेकून बसली होती.

"बाळ कसं आहे गं?"

"आत आहे."

जाऊबाई शेजारी बसल्या आणि ढसाढसा रडायलाच लागल्या. "माझ्या थोरल्याचाच डांग्या खोकला लागला गं बाळाला. लस दिली की मूल तापतं म्हणून मी टाळत राहिले. तुझं बाळ तर अजून लस घेण्याएवढंही झालं नव्हतं. बोल मला काहीतरी. शिव्या दे, पण अशी गप्प बसू नकोस."

दारात आलेल्या नर्सला तिने हातानेच थांबायची खूण केली.

"तुमची धाकटी खोकतेय का?"

"कालपासून जरा खोकतेय."

"तिलाही लस दिली नाही ना?"

"नाही गं दिली."

"मग इथे काय करताय, ताई? दोघांनाही घेऊन या. खाली डॉक्टर आहेत, लगेच औषध सुरू करतील."

"तुला अशी एकटीला टाकून कशी जाऊ?"

"माझं नंतर बघू. आधी पळा!"

जाऊबाई जिन्याकडे धावल्या. त्यांच्या पावलांचा आवाज विरेपर्यंत ती ताठ बसून राहिली. मग उठली आणि दारात खोळंबलेल्या नर्सपुढे तिने दोन्ही हात पसरले.

"आता द्या बाळाला माझ्याकडे. ते गेलं हे आधी सांगितलं असतं, तर त्या जागच्या हलल्या नसत्या."