डुलकी

ही गोष्ट २०२२च्या मे महिन्यातली. पर्वत पाटिया या भागात साड्यांच्या घड्या घालण्याच्या कारखान्यात उषाबाईंनी तीस वर्षं कामाच्या वेळी कधी पाठ टेकली नव्हती. शेजारी बसणारी विशीतली जयश्री मात्र रोज दुपारी पेंगायची. त्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, डोकं गरगरतंय."

"रात्रभर मोबाइल बघशील तर गरगरेलच! आम्ही ताप अंगावर काढून दोन-दोन पाळ्या केल्या, माय. नीज घडीभर. शेठ आला तर मी बघते."

पोरीचं काम जाऊ नये म्हणून उषाबाईंनी तिला गठ्ठ्यांमागे निजवलं, वर साडी पांघरली आणि तिच्या वाटणीच्या घड्याही घातल्या. शेठ दोनदा येऊन गेला, त्याला कळलंही नाही.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "उष्माघात. दोन तास आधी आणली असती तर वाचली असती."

शेठने पुढे कूलर बसवला. जयश्रीच्या जागी तिची धाकटी बहीण सुषमा बसते. उषाबाई आता घरीच असतात आणि दुपारी सून जरा आडवी झाली, की तिला गदागदा हलवून उठवतात.

सुनेला वाटतं, जुन्या वळणाच्या सासूला निजलेली सून बघवत नाही.