मऊ अंथरूण

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, पहिल्या रविवारी तिने सासूबाईंच्या पलंगाशेजारी नाताळच्या देखाव्यातली छोटी रिकामी गव्हाण मांडली, जवळ वाळल्या गवताची जुडी ठेवली आणि घरात नियम जाहीर केला. जिभेवर आलेला रागाचा शब्द जो गिळेल, त्याने गव्हाणीत एक काडी टाकायची. नाताळपर्यंत बाळ येशूचं अंथरूण मऊ झालं पाहिजे!

खरं तर नियम तिने स्वतःसाठीच काढला होता. नर्सची नोकरी, वॉर्डात दिवसभर सगळ्यांशी गोड बोलून घरी येईपर्यंत गोडवा पार संपलेला असायचा. अर्धांगवायूने खिळलेल्या सासूबाईंच्या हातून जरा काही सांडलं, की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. मग रात्री देवापुढे रडायचं, आणि सकाळी पुन्हा तेच. तिच्या स्वतःच्या काड्या जेमतेम तीन झाल्या होत्या.

तरी तिसऱ्या रविवारी संध्याकाळी बघते तर गव्हाण काठोकाठ भरलेली.

"अहो, तुम्ही तर संतच निघालात!" ती नवऱ्याला म्हणाली.

"मी? मी कुठे एक तरी टाकली?"

तेवढ्यात सासूबाईंच्या हातातला सूपचा वाडगा कलंडला.

"झालं! आत्ताच चादर बदलली होती ना मी? मुद्दाम करता का हो तुम्ही?"

सासूबाईंनी गवताच्या जुडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या,

"माझा हात ओला झालाय गं. तेवढी माझी काडी टाकतेस का? आजची सातवी."